खाडीवर वासाचं रबर: नव्याने गरवायला येणाऱ्यांसाठी

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, आणलेल्या वासाच्या रबरी आमिषाचं पाकीट उघडलं की सुकटीच्या डब्यासारखा वास अंगावर येतो आणि नव्या माणसाला वाटतं, हा वास पाण्यात गेला की अर्धी खाडी गोळा होणार. पहिल्या मोसमात माझीही हीच समजूत होती. रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीवर मी वासाची रबरी कोळंबी भराभर फेकत होते आणि भराभर गुंडाळत होते. शेजारी तात्या हाताला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गुंडाळून, खरी कोळंबी लावून एका दगडावर बसलेले. दोन तासांत त्यांनी तीन तांबोशा काढल्या आणि माझ्या रबराला कुणी तोंडही लावलं नाही. शेवटी त्यांनी माझी कोळंबी हातात घेतली, हुंगली आणि विचारलं, "वास बरा आहे गो बाय, पण तू माशाला तो घेऊ कधी देतेस?"

वासाच्या आमिषाबद्दल शिकायचं ते बहुतेक याच प्रश्नात आलं. माशाला हात नसतात. एखादी वस्तू खाण्यासारखी आहे का, हे तो ती तोंडात घेऊनच तपासतो. साधं रबर तोंडात आलं की चव लागत नाही आणि तो क्षणात थुंकतो. पुष्कळदा आपल्याला ती टकटक कळतसुद्धा नाही. त्याच रबराला कोळंबीची चव असेल तर तो ते जरा जास्त वेळ धरून ठेवतो, चावतो, वळतो. तेवढ्यात गळ रुतवायला सवड मिळते. लांबच्या माशाला हाका मारून आणण्यापेक्षा जवळ आलेल्या माशाचं तोंड मिटलेलं ठेवणं, हे वासाचं मोठं काम आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

कुठला मासा नाकाने खातो, कुठला डोळ्याने

पैसे खर्च करण्याआधी आपल्या पाण्यात काय आहे ते बघा. जिताडा, म्हणजे तळकोकणातला खजुरा आणि गोव्यातला चोणक, मुख्यतः हालचालीवर झडप घालतो. त्याचे डोळे तेज असतात आणि अंगावरच्या बाजूच्या रेषेने त्याला पाण्यातली थरथर कळते. त्याच्यासाठी रबराच्या शेपटीची वळवळ आधी आणि वास नंतर. पण पाणी गढूळ असलं, किंवा रात्र असली, की हाच जिताडा आमिषाच्या मागे येऊन थबकतो, आणि तिथे चव कामाला येते.

रावस गढूळ पाण्यातच रमणारा. त्याच्या छातीखाली दोन्ही बाजूंना दोऱ्यासारखे चार-चार तंतू असतात आणि तळावरून जाताना तो ते पुढे पसरून चाचपत जातो. तांबोशी कपारीत बसून वाट बघते. तिच्यासमोर चवीचं आमिष शांत पडून राहिलं तर ती बाहेर येते. शिंगाळ्याची, म्हणजे काही गावांतल्या शेंगटीची, गोष्टच वेगळी. तिच्या मिशांवरच काय, अंगाच्या कातडीवरही चव ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे वासाचं आमिष लावलं की सगळ्यात आधी बहुधा तीच येते. वाळूतली मुडदुशीही तळ हुंगत फिरणारी. नव्या माणसाने हात बसवायला हिच्यासारखा मासा नाही.

उलट टोळ मासा किंवा पृष्ठभागावर बारक्या माशांचा पाठलाग करणारी झुंड समोर असेल तर वासाची बाटली पिशवीतच राहू द्या. तिथे आमिष जोरात ओढायचं असतं आणि त्या वेगात मासा चव बघायला थांबत नाही.

वासाचं रबर म्हणजे नक्की काय

दुकानात सगळं एकाच खुंटीला टांगलेलं दिसतं, पण आत चार वेगळे प्रकार आहेत आणि ते न कळल्यामुळे पैसे वाया जातात.

पहिला प्रकार साध्या मऊ प्लास्टिकचा. हे पीव्हीसी असतं. त्यात पाणी मुरत नाही, तेल मुरतं. म्हणून यांचा वास बहुतेक तेलाचा किंवा बनवतानाच मिसळलेल्या मिठाचा आणि अर्काचा असतो. स्वस्त, सहज मिळणारं आणि शेपटीची हालचाल उत्तम.

दुसरा प्रकार पाणी शोषणाऱ्या आमिषाचा. बर्कली कंपनीचं गल्प हे यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. हे रसात बुडवून विकतात आणि पाण्यात गेल्यावर तो रस सावकाश बाहेर सोडत राहतं. चवीच्या बाबतीत हे सगळ्यात पुढे. पण हवेत उघडं राहिलं की आक्रसतं आणि खडखडीत वाळतं. गळाला लावलेलं तसंच ठेवून तुम्ही चहा प्यायला गेलात तर परत येऊन ते कापूनच काढावं लागेल.

तिसरा प्रकार ताणलं जाणाऱ्या चिवट रबराचा. झी-मॅनचे मासे आणि कोळंब्या याच जातीच्या. बोटभर ताणलं तरी तुटत नाही आणि पाण्यात तरंगू पाहतं, त्यामुळे तळावर टेकलं तरी शेपटी वर उभी राहते. याला वास वरून चोळावा लागतो. एक खबरदारी मात्र काटेकोर पाळा: हे पीव्हीसीच्या रबरासोबत एका डब्यात ठेवू नका. दोन्ही एकमेकांना लागली की वितळून चिकटतात. मे महिन्यात गाडीत राहिलेल्या डब्यात माझ्या नऊ कोळंब्यांचा एकच गोळा झाला होता.

चौथा प्रकार पट्टीचा. जाळीदार कापडावर चवीचा थर बसवलेला असतो. फिशबाइट्स या नावाने अमेरिकेत किनाऱ्यावरून गरवणारे हे फार वापरतात. कात्रीने इंचभर तुकडा कापायचा, गळाला ओवायचा, शिसं लावून तळावर सोडायचं. यात हालचाल शून्य, सगळा भरवसा चवीवर. मुडदुशी आणि शिंगाळ्याला चालतं, आणि खेकडे कुरतडत असतील तर खऱ्या कोळंबीपेक्षा जास्त टिकतं.

सुरुवातीला काय घ्यावं? माझं मत विचाराल तर पाणी शोषणाऱ्या तीन इंची कोळंबीचं एक पाकीट आणि साध्या चार इंची रबरी माशांचं एक पाकीट. रंगांच्या मोहात पडू नका. गढूळ पाण्याला पांढरा किंवा गडद, स्वच्छ पाण्याला खऱ्या कोळंबीसारखा पारदर्शक तपकिरी, एवढं पहिल्या वर्षाला पुरतं.

बाकीचं सामान

आठ-नऊ फुटांची, दहा ते तीस ग्रॅम वजन फेकणारी रॉड. तीन किंवा चार हजार आकाराचं रील. वीस पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली, दोरी आणि तिच्या पुढे लीडर, म्हणजे हात-दीड हाताचा तीस-चाळीस पौंडांच्या जाड तंगुसाचा तुकडा. लीडरमध्ये काटकसर नको. जिताड्याच्या कल्ल्याची कड पातीसारखी धारदार असते आणि कातळावरची कालवं त्याहून वाईट. जिग हेड (शिशाचं डोकं असलेला गळ) सात, दहा आणि चौदा ग्रॅमची घ्या. नियम सोपा: तळाला लागेल तेवढंच वजन, त्याहून जास्त नाही. आमिष हळू बुडालं की माशाला ते बघायला आणि चाखायला वेळ मिळतो. लीडरला जिग हेड बांधताना छोटा फास सुटा राहील अशी गाठ मारा, म्हणजे रबर मोकळं डोलतं.

सोबत पक्कड, कात्री, डोक्याला लावायचा दिवा आणि जाड तळव्याची, न घसरणारी चप्पल किंवा बूट.

जवळ्याची चटणी, पण माशांसाठी

विकतच्या वासाच्या बाटल्या चांगल्या असतात, पण आपल्याकडे सुका जवळा असताना नव्या माणसाने त्यात पैसे घालावेत असं मला वाटत नाही. कोळंबीच्या जातीच्या जीवांत ग्लायसिन, अलॅनिन यांसारखी अमिनो आम्लं आणि बीटेन भरपूर असतं. ही पाण्यात विरघळतात आणि माशाचं नाक व जीभ यांनाच ओळखतात. तेल विरघळत नाही. तारलीच्या तेलाचा तवंग पाण्यावर छान पसरलेला दिसतो, आपलं समाधान होतं, पण मासा खाली तळाला असतो. तेल वाईट नाही. ते वास रबराला धरून ठेवतं. खरी चव मात्र पाण्यात उतरणाऱ्या भागात आहे.

मी करते ती कृती अशी. मूठभर जवळा मंद आचेवर नुसता गरम करायचा, भाजायचा नाही. ओल गेली की मिक्सरमधून अगदी बारीक दळायचा आणि चहाच्या गाळणीने चाळून घ्यायचा, कारण जाड कण रबराला चिकटत नाहीत. दुसरीकडे घरात कोळंबी साफ केली असेल तर तिची डोकी पेलाभर पाण्यात दहा मिनिटं उकळायची, चेचायची आणि गाळून रस घ्यायचा. त्या रसात एक मोठा चमचा मीठ आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर कालवून खळ शिजवायची. खळ चकचकीत झाली की उतरवायची, थंड झाल्यावर जवळ्याची पूड मिसळायची. बोटावर घेतली तर गळून पडू नये आणि पाण्यात बोट हलवलं तर हळूहळू सुटावी, इतपत घट्ट हवी. पातळ झाली तर अजून पूड घाला. पुन्हा आचेवर ठेवू नका.

ही खळ काचेच्या छोट्या बरणीत भरून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहते. घरच्यांना आधी सांगून ठेवा आणि बरणीवर ठळक अक्षरांत लिहा. आंबूस वास आला तर टाकून द्या. सडका वास माशाला आवडतो हा समज शिंगाळ्यापुरता थोडाफार चालेल. तांबोशीला आणि रावसाला ताजीच चव हवी.

साध्या रबराला ही खळ नुसती वरून फासली तर दोन फेकींत धुऊन जाते. म्हणून ब्लेडने पोटाखाली पेरभर चीर द्या आणि चिरेत खळ दाबून भरा. अंगावर आडव्या खाचा असलेलं रबर मिळालं तर उत्तमच. खाचा भरून टाका, बाहेरचं पुसून घ्या. शेपटीला काही लावू नका, तिची वळवळ मंदावते.

हाताचा वास

याकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून मुद्दाम वेगळं सांगते. पेट्रोल भरून आलेला हात, उन्हाचं मलम, तंबाखू, डासांचं औषध, हे सगळं रबरावर उतरतं. डासांच्या औषधात डीट असेल तर ते प्लास्टिकच खातं. कॅनडात १९५०च्या दशकात सामन माशांवर झालेल्या कामात दिसलं की नदीत वरच्या बाजूला माणसाचा हात बुडवला तरी वर चढणारे मासे थबकतात. माणसाच्या कातडीवरचं सेरीन नावाचं अमिनो आम्ल त्याला कारण निघालं. आपले मासे सामन नव्हेत, पण हात स्वच्छ ठेवायला काय लागतं? खाडीवर पोहोचलात की ओली वाळू दोन्ही हातांना खसखसून चोळा, खाऱ्या पाण्यात धुवा आणि मगच पाकीट उघडा. मलम घरून निघतानाच लावा आणि तळहात साबणाने धुऊन निघा.

वेळ आणि जागा

भरती-ओहोटीचा अंदाज कोकणात तिथीवरून बांधतात. तिथीला पाऊणने गुणायचं. येईल तो आकडा पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते. मोबाइलवर तक्ते मिळतात, तरी हे गणित डोक्यात असलेलं बरं.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात धावतं, गढूळ होतं आणि हलकं आमिष तळाला टेकत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ओढ कमी असते. नव्या माणसाने वासाचं रबर शिकायला भांगाचेच दिवस निवडावेत. मासे उधाणाच्या मानाने सुस्त असतात, हे खरं, पण तुम्हाला तळ कळेल, टकटक कळेल, दोरीचा ताण कळेल. ते कळलं की उधाणाला जा.

पावसाळ्यातले दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. काठावरून गरवणं त्या बंदीत येत नसलं तरी उघड्या समुद्रासमोरच्या कातळावर त्या दिवसांत उभं राहूच नका. खाडीच्या आतल्या सुरक्षित धक्क्यावर जा किंवा घरी गाठी मारायचा सराव करा. मालवणला जाणार असाल तर तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे; पद्मगडाच्या भोवतालच्या गाभा क्षेत्रात गळ टाकायचा नाही.

जागा निवडताना वास कुठे वाहून जाणार याचा विचार आधी करा. ओहोटी लागली की तिवरांतून आणि खाजणातून बारीक ओहोळ खाडीत उतरतात. त्यांच्याबरोबर कोळंबी आणि बारके बोयट बाहेर पडतात आणि मोठा मासा ओहोळाच्या तोंडाशी, जिथे गढूळ आणि स्वच्छ पाण्याची रेघ दिसते तिथे, तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. तुम्ही वरच्या अंगाला उभे राहा. आमिष त्या रेघेच्या वर टाका आणि प्रवाहाला ते खाली नेऊ द्या, म्हणजे चव आधी पोहोचते आणि मागून आमिष. आमिष माशाच्या खालच्या अंगाला टाकून वर ओढत आणलं तर सगळी चव माशाच्या मागे वाहून जाते.

रबर ओवणं

इथे दोन मिनिटं जास्त द्या. जिग हेड रबराच्या शेजारी धरा आणि गळाचा बाक जिथे येतो तिथे नखाने खूण करा. मग टोक नाकाच्या बरोबर मधून घालून सरळ खुणेपर्यंत न्या आणि पाठीवर बाहेर काढा. हातात उभं धरून बघा: रबर सरळ लोंबलं पाहिजे, कुठे सुरकुती नको, बाक नको. वाकडं ओवलेलं रबर पाण्यात भिंगरीसारखं फिरतं, दोरीला पीळ पडतो, आणि मग कितीही चव लावली तरी मासा फिरकत नाही.

कोळंबी ओवताना उलटं करायचं. कोळंबी घाबरली की मागे उडी मारते, म्हणजे तिची शेपटी पुढे असते. म्हणून जिग हेडचं वजन रबरी कोळंबीच्या शेपटीकडे येऊ द्या. मिशा आणि पाय मागे फरफटत राहतील.

फेकणं, आणि मग थांबणं

फेकल्यावर दोरी सैल सोडू नका. बोट दोरीवर ठेवून मनात आकडे मोजा. समजा आठला तळ लागला. पुढच्या वेळी सहालाच टेकलं, तर तिथे उंचवटा आहे किंवा कुणीतरी मध्येच घेतलंय.

तळ लागला की रॉडचं टोक हातभर दोनदा उचला, टक-टक, आणि पुन्हा टेकू द्या. मग थांबा. साध्या रबराला दोन सेकंद थांबतात; वासाच्या रबराला सुरुवातीला दहापर्यंत मोजा, तांबोशीच्या कपारीसमोर वीसपर्यंत. हे वीस आकडे फार लांब वाटतात. त्या दिवशी तात्यांनी मला रील गुंडाळूच दिलं नाही. "राहू दे. राहू दे." कोळंबी दगडाच्या पायथ्याशी पडलेली, पाणी तिच्यावरून जात होतं. चौदा-पंधराच्या आसपास दोरीवर नखाने टिचकी मारावी एवढं काहीतरी लागलं. माझा हात उडायला निघाला तर ते म्हणाले, "थांब. अजून घ्यायचाय त्याला." पुन्हा एक टिचकी, आणि मग दोरी बाजूला सरकायला लागली, ओढ नव्हे, नुसती सरकली. "आता." रॉड वाकली आणि तांबोशी थेट कपारीकडे धावली.

म्हणून हे लक्षात ठेवा: पहिल्या टिचकीला झटका नाही. दोरीला वजन जाणवलं किंवा दोरी सरकली की मग रॉड ठामपणे उचला. पण एकदा गळ बसला की तांबोशीला हात-दोन हातांपेक्षा जास्त मोकळीक देऊ नका. ती कपारीत गेली की लीडर कालवांवर संपतो. रावसाचं वेगळं. तो धडाक्यात घेतो, स्वतःच गळ बसवून घेतो आणि उघड्या पाण्यात पळतो; त्याला पळू द्या, रीलचा ब्रेक थोडा सैलच बरा.

दर दहा-पंधरा फेकींनंतर रबराला पुन्हा खळ भरा. पाणी शोषणारी कोळंबी असेल तर ती काढून रसात दहा मिनिटं मुरू द्या आणि तेवढ्यात दुसरी वापरा. दोन कोळंब्या आलटूनपालटून चालवल्या तर एक पाकीट महिनाभर पुरतं.

कुरतडलेलं रबर वाचायला शिका

मासा लागला नाही तरी रबर काय झालं ते सांगतं. शेपटी कात्रीने कापल्यासारखी अर्धगोल, स्वच्छ गेली असेल तर तो केंड. त्याचे पुढचे दात चोचीसारखे असतात. जागा बदला, नाहीतर सगळं पाकीट संपेल; आणि केंड गळाला लागलाच तर तो विषारी आहे, घरी नेऊ नका. रबराच्या कडा झिरमिळ्यांसारख्या फाटल्या असतील आणि दोरी हळू, एकसारखी ओढली जात होती तर खाली खेकडा आहे. आमिष तळापासून हातभर वर ठेवा. अंगावर पॉलिश पेपरने घासल्यासारखा खरबरीत पट्टा दिसला तर जिताड्याने तोंडात घेऊन सोडलंय. तिथेच राहा, वजन एक पायरी कमी करा आणि आणखी सावकाश चालवा.

वासाने खरंच फरक पडतो का, हे कुणाचं ऐकून ठरवू नका. मित्राबरोबर जा; दोघांचं रबर, रंग, वजन एकच ठेवा, एकाला खळ, दुसऱ्याला काही नाही. दर अर्ध्या तासाला अदलाबदल करा, म्हणजे जागेचा आणि हाताचा फरक निघून जाईल. वहीत तिथी, पाण्याचा रंग, टिचक्या आणि लागलेले मासे लिहा. माझ्या वहीत गढूळ पाण्यात आणि अंधारात वासाचं पारडं स्पष्ट जड आहे. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी फरक दिसत नाही.

मासा हातात आल्यावर

वासाच्या आमिषाला शिंगाळा हमखास येतो, त्यामुळे हे आधी शिका. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात, करवतीसारखे आणि विषारी. नुसत्या हाताने पकडू नका. जाड फडका टाका किंवा पक्कडीने गळ काढून तो लोंबत असतानाच पाण्यात सोडा. काटा लागलाच तर जखम धुवा आणि तो भाग सहन होईल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ते दीड तास बुडवून ठेवा. पाण्याचा चटका आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. मग डॉक्टरकडे जा. काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. उथळ पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नका, वाळूतून घसटत न्या, म्हणजे वाळूत पुरलेला पाकट मासा बाजूला होतो.

चवीच्या आमिषाचा एक दोष आहे. मासा ते खोल गिळतो. सोडायचा मासा असेल तर गळाच्या टोकामागची उलटी आकडी पक्कडीने आधीच दाबून सपाट करा. खोल गेलेला गळ उपटू नका, लीडर तोंडाशी कापा. बारकी तांबोशी आणि बारका रावस परत सोडाच, पण खूप मोठा जिताडाही सोडावा असं मला मनापासून वाटतं. जिताडा आधी नर असतो आणि मोठा होऊन मादी होतो. तीन फुटांपुढचा जिताडा बहुधा मादीच, आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालायला तीच उतरते. ओल्या हातांनी, पोटाखाली आधार देऊन, तोंड प्रवाहाकडे धरा. शेपूट जोरात हलली की सोडा.

निघताना

तुटलेले रबराचे तुकडे आणि दोरीची भेंडोळी मोजून पिशवीत घाला. चव लावलेलं रबर तळावर पडलं तर मासा ते गिळतो, आणि पीव्हीसी त्याच्या पोटात पचत नाही. वेळास-गुहागरच्या किनाऱ्यांवर अंड्यांसाठी येणारी कासवं आपल्याच पाण्यातून जातात. तंगुसात अडकलेलं कासव एकदा बघितलं की दोरी टाकायचा हात होत नाही.

घरी आल्यावर जिग हेड गोड्या पाण्यात बुडवून वाळवा. खाऱ्या रसातले गळ रात्रीत गंजतात. पाणी शोषणाऱ्या कोळंब्या त्यांच्याच रसात, पाकिटासकट झाकणाच्या बरणीत उभ्या ठेवा. हा रस एकदा पिशवीत सांडला की पिशवी टाकावीच लागते. रस कमी पडला तर साधं पाणी घालू नका, कोळंबीच्या डोक्यांचा खारा, गाळलेला रस घाला. चिवट रबर वेगळ्या डब्यात, पीव्हीसी वेगळ्या, आणि दोन्ही उन्हापासून लांब. आणि वहीत त्या दिवसाची नोंद झोपण्याआधी करा, सकाळी पाण्याचा रंग आठवत नाही.